एका तारेवरचीं बिऱ्हाडें

संध्याकाळ होते, घरांतील कोणी तरी भिंतीवरचें बटण दाबतें आणि खोली उजळते. पाठोपाठ दुसऱ्या खोलींत पंखा फिरूं लागतो, स्वयंपाकघरांत मिक्सर घरघरूं लागतो, कोपऱ्यांतलें शीतकपाट आपलें काम निमूटपणें करीत असतें. यांपैकीं एकानेंहि दुसऱ्याची परवानगी मागितलेली नसते. पंखा लागला म्हणून दिवा विझत नाहीं, दिवा मालविला म्हणून पंखा थांबत नाहीं. हें इतकें अंगवळणीं पडलें आहे कीं, त्यांत नवल करण्याजोगें कांहीं आहे असें कोणाच्या मनांतहि येत नाहीं.

परंतु याच घरांत एखादी सणाची सकाळ उगवते. पाहुणे जमलेले असतात. न्हाणीघरांत पाणी तापत असतें, बाहेरच्या खोलींत कोणाच्या सदऱ्याला इस्त्री चाललेली असते, ओट्यावर चहासाठीं विजेची किटली लावलेली असते. आणि अकस्मात् सगळीं यंत्रें एकदम थंड पडतात. यजमान पेटी उघडतात, जळालेली बारीक वितळतार काढून टाकतात आणि ‘ही कटकट पुन्हां नको’ असें म्हणून तिच्या जागीं तांब्याच्या चार पदरांचा जाड पीळ बसवितात. वीज परत येते, पाणी तापतें, इस्त्री होते, पाहुण्यांना चहा मिळतो. यजमानांना आपल्या हुषारीचें समाधान वाटतें. वस्तुतः त्या क्षणीं त्यांनीं घराचा एकुलता एक पहारेकरी स्वतःच्या हातानें दूर केलेला असतो. हें कसें, तें समजण्यासाठीं दाब, रोध आणि प्रवाह या तीन गोष्टींचें परस्परांशीं असलेलें नातें ओळखलें पाहिजे. आणि तें नातें भाजीच्या हिशेबाहून अवघड नाहीं.

एखादी चाळ डोळ्यांसमोर आणावी. गच्चीवर पाण्याची टाकी आहे. टाकींतून एक मोठा नळ खालीं उतरतो आणि त्याला प्रत्येक बिऱ्हाडाकडे जाणारे फांटे फुटतात. टाकी जितकी उंच, तितका पाण्याचा रेटा अधिक. हा रेटा म्हणजेच दाब. विजेच्या बाबतींत तो व्होल्टमध्यें मोजतात. तोटी जितकी अरुंद, तितकी ती पाण्याला अधिक अडविते. ही अडवणूक म्हणजे रोध. तो ओममध्यें मोजतात. आणि दर मिनिटाला तोटींतून जें पाणी पडतें, तो प्रवाह. विजेचा प्रवाह अँपिअरमध्यें मोजतात. रेटा वाढला तर प्रवाह वाढतो, अडवणूक वाढली तर प्रवाह घटतो. विजेच्या तारेंत हा संबंध फार सरळ आहे : दाबाला रोधानें भागलें म्हणजे प्रवाह येतो. आपल्या देशांतील घरगुती विजेचा नेमलेला दाब २३० व्होल्ट आहे. त्यावर २३ ओम रोधाचें यंत्र लावलें तर त्यांतून १० अँपिअर वाहतात. ४६ ओमांचें लावलें तर ५ अँपिअर.

आज शाळकरी मुलें पाठ म्हणतात तो हा नियम शोधून काढणारा गृहस्थहि शाळामास्तरच होता. गिऑर्ग सिमॉन ओम याचा जन्म १७८९ सालीं जर्मनींतील एर्लांगेन गांवीं एका कुलपें करणाऱ्या कारागिराच्या घरीं झाला. १८१७ पासून तो कोलोन येथील शाळेंत गणित व पदार्थविज्ञान शिकवीत असे. शाळेच्या प्रयोगशाळेंत त्यानें निरनिराळ्या लांबीच्या तारांतून वीज सोडून पाहिली. पण त्या काळच्या विद्युत्घटांचा दाब प्रयोग चालू असतांनाच ढळे, आणि दाबच स्थिर नसेल तर तारेचा गुणधर्म मोजावा कसा? तेव्हां त्यानें घट बाजूस ठेवला. बिस्मथ आणि तांबें या दोन धातूंचे सांधे एकीकडे उकळत्या पाण्यांत व दुसरीकडे बर्फांत ठेवले म्हणजे अगदीं स्थिर असा दाब मिळतो. त्याचा उपयोग त्यानें केला. समान जाडीच्या, पण वेगवेगळ्या लांबीच्या तांब्याच्या तारा एकामागून एक जोडून त्यानें प्रवाह मोजला, आणि १८२७ सालीं आपला नियम ग्रंथरूपानें प्रसिद्ध केला. स्वदेशांत त्याचें स्वागत थंडपणें झालें, आणि कोलोनची नोकरीहि त्यानें सोडली. लंडनच्या रॉयल सोसायटीनें १८४१ सालीं त्याला कॉप्ले पदक दिलें. म्यूनिक येथील विद्यापीठांत पदार्थविज्ञानाचें अध्यासन मिळाल्यावर तो दोनच वर्षें जगला. १८८१ सालीं पॅरिस येथें भरलेल्या विद्युत्परिषदेनें रोधाच्या मापाला त्याचें नांव कायम केलें. तेव्हां तो जाऊन सत्तावीस वर्षें झालीं होतीं.

आतां यंत्रें जोडण्याच्या दोन रीति पाहाव्या. पहिली रीत माळेची. दिवाळींत लावावयाच्या जुन्या धर्तीच्या माळेंत लहान लहान दिवे एकापुढें एक ओंवलेले असत. वीज पहिल्या दिव्यांतून निघून दुसऱ्यांत, दुसऱ्यांतून तिसऱ्यांत, अशी शेवटपर्यंत जाई. हिला एकसर जोडणी म्हणतात. येथें वाट एकच, म्हणून प्रवाह सर्व दिव्यांतून सारखाच. दाब मात्र वाटून घ्यावा लागतो. ४६ सारखे दिवे ओंवले तर प्रत्येकाच्या वांट्याला २३० पैकीं ५ व्होल्ट येतात. दिवे वाढवावे तर प्रत्येकाचा वांटा घटतो आणि उजेड मंदावतो. एक दिवा गेला कीं वाटच तुटते आणि सारी माळ अंधारते. अशा रीतीनें घर जोडलें असतें तर पंखा बंद करतांच पुस्तक वाचणाराहि अंधारांत बसला असता.

दुसरी रीत चाळींतल्या नळाची. येथें प्रत्येक यंत्राचें एक टोंक एका मुख्य तारेला आणि दुसरें टोंक दुसऱ्या मुख्य तारेला जोडलेलें असतें. जणूं दोन लांब रुळांच्या मधोमध शिडीच्या पायऱ्या बसवाव्या. हिला समांतर जोडणी म्हणतात. हिच्यांत दाब वांटला जात नाहीं. प्रत्येक यंत्राला पुरते २३० व्होल्ट मिळतात आणि तें आपल्या रोधाप्रमाणें आपला प्रवाह घेतें. शेजाऱ्याची तोटी उघडी आहे कीं बंद, याची त्याला फिकीर नसते. घरांतील दिवे, पंखे, शेगड्या एकमेकांपासून स्वतंत्र राहतात त्याचें रहस्य इतकेंच.

मात्र या स्वातंत्र्याची किंमत कोणाला तरी मोजावी लागते. ती मुख्य तार मोजते. १८४५ सालीं कोनिग्सबर्ग येथें विद्यार्थी असलेल्या गुस्टाव किर्खोफ या एकवीस वर्षांच्या तरुणानें एक साधा नियम मांडला : जेथें तारांना फांटे फुटतात, तेथें जेवढा प्रवाह येतो तेवढाच बाहेर जातो, वाटेंत कांहीं सांठत नाहीं, कांहीं हरवत नाहीं. म्हणून सर्व फांट्यांतील प्रवाहांची बेरीज मुख्य तारेंतून वाहिली पाहिजे.

वर वर्णिलेल्या सणाच्या सकाळचा हिशेब या नियमानें मांडतां येतो. कागद-पेन्सिल हाताशीं असल्यास श्रोत्यांनीं तो बरोबरच करून पाहावा. पाणी तापविणाऱ्या यंत्राचा रोध २३ ओम धरला तर त्याचा प्रवाह १० अँपिअर. इस्त्रीचा रोध ४६ ओम, प्रवाह ५. किटलीचा रोधहि ४६, प्रवाह ५. तारेचा जुन्या धर्तीचा एक मोठा दिवा ४६० ओमांचा, त्याचा प्रवाह अर्धा. एकूण साडेवीस अँपिअर. प्रत्येक यंत्र आपल्या परीनें निर्दोष आहे. कोणीहि आपल्या हक्काबाहेर घेतलेलें नाहीं. पण हीं सगळीं यंत्रें एकाच तारेवर लावलेलीं असतील आणि ती तार १० अँपिअर वाहून नेण्याच्या बेतानें घातलेली असेल, तर तिच्या शिरावर दुपटीहून अधिक ओझें आलेलें आहे.

येथें सामान्य समजुतीला धक्का देणारी एक गोष्ट आढळते. यंत्रें वाढलीं म्हणजे अडवणूकहि वाढली असली पाहिजे, असें मनाला वाटतें. घडतें उलटें. पाणी तापविणारें यंत्र एकटें होतें तेव्हां एकंदर रोध २३ ओम होता. इस्त्री जोडली तेव्हां प्रवाह १५ अँपिअर झाला. म्हणजे २३० ला १५ नें भागून रोध सुमारें १५.३ ओम राहिला. किटली जोडतांच तो ११.५ वर आला, आणि दिवा लागल्यावर ११.२ वर. रोधांत रोध मिळवीत गेलों आणि बेरीज मात्र घटत गेली! कारण जो जो नवा फांटा, तो तो विजेला जाण्यासाठीं उघडलेला एक नवा दरवाजा. दरवाजा अरुंद असला तरी तो दरवाजाच, भिंत नव्हे. समांतर जोडणींतील एकंदर रोध हा त्यांतील सर्वांत लहान रोधाहूनहि लहान असतो, तो याच कारणानें. गणिताच्या भाषेंत, येथें रोधांची बेरीज करावयाची नसून त्यांच्या व्यस्तांची करावयाची असते.

घरोघरीं वीज पोंचली ती याच जोडणीच्या बळावर. सन १८७८ च्या सुमारास पॅरिसच्या हमरस्त्यावर विजेचे कमानी दिवे झगझगत होते. पण ते चौकांत शोभण्याइतके प्रखर, घरांत लावण्याजोगे नव्हेत. त्या प्रचंड उजेडाचे लहान लहान तुकडे पाडून एकेका खोलींत एकेक दिवा देतां येईल काय, हा प्रश्न होता. विल्यम प्रीस यांच्यासारख्या इंग्लंडांतील नामांकित तज्ज्ञानें १८७९ सालीं ही कल्पना म्हणजे निव्वळ चकवा आहे असा निर्वाळा दिला होता. अमेरिकेंत टॉमस एडिसन यानें या कोड्याकडे रोधाच्या बाजूनें पाहिलें. १०० वॉट वीज खाणारा दिवा दोन प्रकारें करतां येतो. त्याचा रोध १ ओम ठेवला तर त्याला १० व्होल्ट दाब आणि १० अँपिअर प्रवाह लागेल. रोध १०० ओम ठेवला तर १०० व्होल्ट दाब आणि अवघा १ अँपिअर. उजेड तोच, पण दुसऱ्या प्रकारांत तारेंतला प्रवाह दहावा हिस्सा. असे हजार दिवे समांतर जोडावयाचे तर एका ठिकाणीं १०,००० अँपिअर वाहून नेणारें तांबें रस्त्याखालीं पुरावें लागेल, दुसऱ्या ठिकाणीं १,०००. एडिसननें अधिक रोधाचा दिवा पतकरला, १८८० च्या जानेवारींत त्याला त्याचें पेटंट मिळालें, आणि ४ सप्टेंबर १८८२ रोजीं न्यूयॉर्क शहराच्या पर्ल स्ट्रीटवरील केंद्रांतून ११० व्होल्टांच्या सुमाराच्या दाबानें सुमारें ४०० दिवे समांतर लागले. इंग्लंडांत जोसेफ स्वान यानेंहि तसाच कांचेच्या फुग्यांतील दिवा सिद्ध केला होता. परंतु दिवा, दाब आणि तारा यांचा एकत्र हिशेब मांडून सबंध पेठ उजळविण्याचें श्रेय एडिसनच्या केंद्राकडे जातें.

वरील सर्व विवेचनांत एक गोष्ट गृहीत धरली होती : मुख्य तारेला स्वतःचा रोध नाहीं. तें अक्षरशः खरें नव्हे. पेटीपासून न्हाणीघरापर्यंत जाऊन परत येणाऱ्या तांब्याच्या तारेला थोडा तरी रोध असतोच. तो अर्धा ओम समजावा. हा रोध यंत्रांना समांतर नसून सर्वांच्या वाटेवर, एकसर असा, उभा असतो. १० अँपिअर वाहतांना तो ५ व्होल्ट खाऊन टाकतो. २० वाहतांना १०. पाणी तापविण्याचें यंत्र लागतांच त्याच तारेवरचा दिवा किंचित् मंद होतो, तो यामुळें. चाळींत तळमजल्यावरच्या तोट्या सुटल्या म्हणजे वरच्या मजल्यावरची धार बारीक होते, त्यांतलाच हा प्रकार आहे.

पण दाब घटण्यापेक्षां उष्णतेची गोष्ट अधिक गंभीर आहे. जेम्स जूल यानें १८४१ सालीं दाखवून दिलें कीं, तारेंत उत्पन्न होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते. प्रवाह दुप्पट, तर उष्णता चौपट. तिप्पट, तर नऊपट. आपल्या अर्ध्या ओमाच्या तारेंत १० अँपिअरला ५० वॉट उष्णता निघते. २० अँपिअरला २०० वॉट. ही उष्णता कोठें निघते, तर भिंतीच्या पोटांत, डोळ्यांआड, जेथें वारा लागत नाहीं तेथें. तारेवरचें आवरण तापतें, कडक होतें, त्याला चिरा जातात. एके दिवशीं दोन उघड्या तारा एकमेकींना टेकतात. हाहि एक समांतर फांटाच. मात्र त्याचा रोध जवळजवळ शून्य. २३० ला एक ओमाच्याहि अंशानें भागलें असतां प्रवाह शेंकड्यांनीं येतो, ठिणगी उडते आणि जवळ लांकूड वा पडदा असेल तर आग लागते. सैल बसलेल्या प्लगाची गोष्ट अशीच. सैल सांध्याचा रोध अर्धा ओम झाला आणि त्यांतून १० अँपिअर गेले, तर नखाएवढ्या जागेंत ५० वॉट उष्णता सांठते. पिवळा, करपलेला सॉकेट हें त्याचेंच चिन्ह होय.

दाब कमीजास्त झाल्याचा परिणामहि याच हिशेबांत बसतो. २३० च्या ऐवजीं २०७ व्होल्ट आले, म्हणजे दहांतला एक हिस्सा घट झाली, तर २३ ओमांच्या यंत्रांतून १० ऐवजीं ९ अँपिअर जातात. पण उष्णता शंभरावरून नव्वदावर न येतां एक्याऐंशीवर येते, कारण दाब आणि प्रवाह दोन्ही घटले. पाणी तापण्यास उशीर लागतो तो म्हणून. उलट दाब २५३ झाला तर उष्णता शंभराची एकशें एकवीस होते. शीतकपाटाचें यंत्र मात्र या साध्या नियमाचें पालन करीत नाहीं. त्याच्या मोटारीला नेमून दिलेलें ओझें ओढावयाचेंच असतें. दाब घटला तर ती बहुधा अधिक प्रवाह ओढते आणि तापते. कमी दाबानें दिव्याचें कांहीं बिघडत नाहीं, पण मोटार जळते, हा अनुभव यामुळेंच येतो.

आतां त्या वितळतारेकडे वळावें. ती मुख्य वाटेवर मुद्दाम ठेवलेली दुबळी तार आहे. घरांतल्या तारेला जेवढा प्रवाह सोसवेल त्याच्या बेतानें तिची जाडी ठरविलेली असते. ओझें अति झालें कीं भिंतींतली तार भाजण्यापूर्वीं ती स्वतः वितळते आणि वाट तोडते. तिचें जळणें हा बिघाड नसून तिचें कर्तव्य आहे. अलीकडील घरांत तिच्या जागीं एम. सी. बी. नांवाचा आपोआप पडणारा खटका असतो. त्यांत दोन धातूंची एक पट्टी असते. रेंगाळणाऱ्या जादा प्रवाहानें ती तापून वांकते व खटका पाडते. शिवाय एक विद्युच्चुंबक असतो. तारा एकमेकींना टेकून प्रवाह उसळला तर तो क्षणार्धांत खटका ओढतो. साधन बदललें, काम तेंच राहिलें. यजमानांनीं जाड पीळ बसविला तेव्हां साडेवीस अँपिअर कमी झाले नाहींत. फक्त ते आहेत हें सांगणारें कोणी उरलें नाहीं. सर्वांत दुबळी तार पेटींत होती, ती आतां भिंतींत गेली. वारंवार पडणारा खटका काढून त्या जागीं अधिक अँपिअरचा बसविणें, हेंहि तेंच.

खरा उपाय दोन प्रकारचा. एक तर ओझें वांटावें : पाणी तापविण्याचें यंत्र आपल्या स्वतंत्र जाड तारेवर आणि १६ अँपिअरच्या मोठ्या सॉकेटवर असावें, ६ अँपिअरच्या लहान सॉकेटला फळी जोडून तीवर किटली आणि इस्त्री एकत्र लावूं नये. फळीला चार तोंडें आहेत म्हणून तिच्या पोटांतली तार चौपट जाड झालेली नसते. दुसरें, घर जुनें असेल तर जाणत्या वायरमनकडून तारा तपासून घ्याव्या. ज्या काळीं त्या घातल्या, त्या काळीं खोलींत दोन दिवे आणि एक पंखा एवढाच संसार होता. पूर्वीं ६० वॉटचा दिवा लागे तेथें आज ९ वॉटचा एल.ई.डी. दिवा पुरतो, ही गोष्ट खरी. पण उजेडांत झालेली ही काटकसर पाणी तापविणारें एकच यंत्र गिळून टाकतें.

बेरजेचा हिशेब साधा आहे. घरांतील प्रत्येक यंत्रावर त्याचे वॉट लिहिलेले असतात. त्यांना २३० नें भागलें म्हणजे त्याचे अँपिअर येतात. एका तारेवर काय काय लागतें त्याची एकदां यादी करावी आणि बेरीज मांडून पाहावी. तारेला आपलें दुखणें बोलून दाखवितां येत नाहीं. पेटींतील ती बारीक तार तिच्या वतीनें बोलते. चाळींत बिऱ्हाडें वाढलीं तर नळ मोठा घालावा लागतो, हें सर्वांना समजतें. बिऱ्हाडें विजेचीं असलीं तरी न्याय तोच आहे.